खेळणाऱ्या हाताखालचे कापड

या सदराकडे येणाऱ्या पत्रांत अलीकडे संगणकावर खेळणाऱ्या तरुणांच्या हातदुखीची पत्रे वाढू लागली आहेत, आणि त्यांतील बहुतेकांत एकच प्रश्न थोड्याफार फरकाने विचारलेला असतो : मनगट दुखू नये म्हणून माउसपॅड कोणता घ्यावा? प्रश्नाचे उत्तर औषधांच्या दुकानात मिळण्यासारखे नसल्यामुळे एखादा वैद्य तो हसण्यावारी नेईल. मला मात्र तो वैद्यकाच्याच अखत्यारीतला वाटतो. इटलीतील पादुआच्या विद्यापीठात वैद्यक शिकविणाऱ्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनीने कारागिरांच्या व्याधींवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांच्या दुखण्याची जी तीन कारणे नोंदविली, म्हणजे अखंड बैठक, हाताची एकसारखी अविरत हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर पडणारा ताण, ती दफ्तरातल्या कारकुनाइतकीच रात्री व्हॅलोरंट हा नेमबाजीचा खेळ खेळत बसणाऱ्या मुलासही लागू पडतात. आणि त्यांपैकी मधल्या कारणाचे, हाताच्या हालचालीचे, स्वरूप ठरविण्यात हाताखालच्या पृष्ठभागाचा वाटा आपण समजतो त्याहून पुष्कळ मोठा असतो.

जुन्या माउसच्या पोटात गोळी असे, ती गुळगुळीत मेजावर घसरे, आणि तिला पकड मिळावी एवढाच पूर्वी माउसपॅडचा माफक उपयोग होता. प्रकाशाच्या साहाय्याने पृष्ठभागाची चित्रे अखंड टिपणारे माउस आल्यावर ती गरज संपली, आणि कचेरीत पत्रे टंकणाऱ्याचे आज पॅडवाचून मुळीच अडत नाही. नेमबाजीच्या खेळांत मात्र माउस किती सरकला याची केसभर अचूकता लागते, आणि तेथे पॅड पुन्हा अपरिहार्य झाला आहे.

निवडीत प्रथम पाहावयाचे ते आकारमान. रंग, चित्र, कडेने चमकणारे दिवे आणि दुकानदाराची शिफारस यांचा क्रम त्यानंतर फार दूर लागतो. माझ्या मते पॅडचा आकारच हाताचा कोणता सांधा राबेल हे ठरवितो, आणि हे म्हणणे थोड्या हिशेबाने पटावे. मनगट अंगठ्याकडे सुमारे २० अंश आणि करंगळीकडे सुमारे ३० अंश वळते. एवढ्या वळणात माउस वीतभरही सरकत नाही. काउंटर-स्ट्राइक या नेमबाजीच्या खेळात माउसचा डीपीआय, म्हणजे इंचभर सरकण्यात माउस जितक्या पायऱ्या मोजतो तो आकडा, ८०० आणि खेळातील सेन्सिटिव्हिटी, म्हणजे त्या मोजणीस लागणारा गुणक, १ ठेवली, तर पात्रास स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेण्यासाठी माउस सुमारे ५२ सेंटीमीटर न्यावा लागतो, म्हणजे नुसते पाठीमागे वळण्यास २६ सेंटीमीटर. घरात पडून असलेला कचेरीतला पॅड असतो २०–२२ सेंटीमीटर रुंद. त्यावर हे वळण मावत नाही, तेव्हा मुलगा सेन्सिटिव्हिटी ३ पर्यंत चढवितो, पूर्ण फेरी १७ सेंटीमीटरांत बसवितो, कोपर मेजावर रोवतो आणि सारा कारभार मनगटाच्या स्वाधीन करून मोकळा होतो. मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडे आणि एक घट्ट आडवा बंध यांनी वेढलेला अरुंद मार्ग आहे. त्यातून बोटे मिटविणाऱ्या नऊ कंडरा आणि एक महत्त्वाचा मज्जातंतू दाटीवाटीने जातात. मनगट वरच्या अंगास वाकले की या मार्गातील दाब वाढतो, आणि वाकलेल्या स्थितीतच तासन् तास बारीक झटके देत राहिले की कंडरांची आवरणे सुजून त्या मज्जातंतूस जागा उरत नाही.

म्हणून ज्यांना नेमबाजीचे खेळ नियमाने खेळावयाचे आहेत त्यांनी निदान ४५ सेंटीमीटर रुंद व ४० सेंटीमीटर खोल असा पॅड घ्यावा आणि सेन्सिटिव्हिटी उतरवावी, म्हणजे मोठ्या हालचाली कोपर व खांदा यांच्या बळकट स्नायूंकडे जातील आणि मनगटाकडे शेवटचा सूक्ष्म नेम तेवढा उरेल. हा बदल एका रात्रीत करू नये. थोडी थोडी सेन्सिटिव्हिटी कमी करीत काही आठवड्यांत तो पुरा करावा, नाही तर मनगटाची तक्रार खांद्याच्या नावावर चढेल. ९० सेंटीमीटर लांबीचा, सबंध मेज व्यापणारा पॅड दिमाखदार दिसतो खरा; पण अंकांच्या कळा असलेला कीबोर्ड एकटाच त्यातील सुमारे ४४ सेंटीमीटर जागा अडवितो आणि माउसला उजवीकडे दूर ढकलून खांदा सतत बाहेर ताणलेला ठेवतो. त्या अंकांच्या कळा नसलेला, सुमारे ३६ सेंटीमीटरांचा कीबोर्ड घेतला तर पॅडवरील पैसे अधिक सार्थकी लागतात. खेळ नुसता बुद्धिबळाचा किंवा पत्त्यांचा असेल, तर यांतले काहीच करण्याचे कारण नाही.

मनगटाखाली जेलची उशी असलेल्या पॅडविषयी मला फार विचारले जाते, कारण तो आरोग्याच्या नावाने विकला जातो आणि हातास लागतोही मऊ. मी त्यास अनुकूल नाही. ज्या अरुंद मार्गाचा वर उल्लेख केला, नेमका त्याच्यावरच तो उंचवटा खालून दाब देतो; करंगळीकडच्या अंगास दुसरा एक मज्जातंतू त्वचेच्या बराच जवळून जातो, त्याचीही त्यातून सुटका होत नाही; आणि सर्वांत वाईट म्हणजे उशीवर विसावलेले मनगट एका जागी खिळून राहते व हाताने सरकण्याऐवजी सांध्यातच वळत बसते. दोन डावांच्या मधल्या विश्रांतीत त्यावर तळहाताची टाच टेकावी, त्यास माझी हरकत नाही.

पृष्ठभागाचे बाजारात दोन पक्ष आहेत. एकास ‘स्पीड’ म्हणतात, दुसऱ्यास ‘कंट्रोल’. काचेच्या किंवा कडक प्लास्टिकच्या पॅडवर माउस इतका सहज धावतो की त्यास थांबविण्याचे काम बोटांना आणि अंगठ्यास करावे लागते, आणि थांबविण्याच्या धास्तीने माणूस माउस आवळून धरतो. अंगठ्याच्या मुळाशी अगोदरच दुखत असेल त्याने या वाटेस जाऊ नये. फार खरखरीत कापडावर उलटा त्रास, दर वेळी माउस हलविण्यासाठीच जोर लावावा लागतो. मधल्या प्रतीचे, एकसारख्या विणीचे कापड आणि त्याखाली न घसरणारे रबर, हीच बहुतेकांस माझी शिफारस राहील. मुंबईत किंवा कोकणात राहणाऱ्यांनी हेही ध्यानी धरावे, की पावसाळ्यात कापड दमट होऊन माउस अडखळू लागतो आणि काचेवर घामेजलेली कातडी चिकटते; त्यावर पूर्ण बाहीचा सदरा घालून खेळणे हा साधा इलाज आहे.

जाडी तीन-चार मिलिमीटर असली म्हणजे पुरे. शिवलेली कड पॅड उसवू देत नाही, पण ती उंच व कडक असेल तर कोपरापुढच्या हाताची कातडी घासते, तेव्हा खरेदीपूर्वी कडेवरून हात फिरवून पाहावा. याहून मोठा शत्रू मेजाची धारदार कड. मेज ७५ सेंटीमीटर उंच आणि खुर्ची ठेंगणी, ही आपल्याकडची वहिवाट. तीत कोपर खाली लोंबते, हात मेजाच्या कडेवर टेकून वर चढतो आणि मनगट वाकते. खुर्ची उंच करून कोपर मेजाच्या पातळीस आणावे आणि पाय अधांतरी राहिले तर त्यांखाली पाट द्यावा. हे केल्यावाचून उंची पॅडचा काही गुण येणार नाही.

मनगट पॅडवर टेकते तेवढ्याच भागात खाजरे चट्टे उठत असतील, तर रबर पक्के करण्यासाठी वापरलेल्या द्रव्यांची ॲलर्जी संभवते आणि पॅड बदलणे हाच उपचार ठरतो. एरवी कापडी पॅड महिन्या-दोन महिन्यांनी कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावा. उन्हात रबरास भेगा पडतात. मध्यभागी कापड झिजून चकाकू लागले की माउस तेथे वेगळा आणि कडेला वेगळा सरकतो, आणि हात नकळत अधिक आवळला जातो. तसा पॅड टाकून द्यावा.

पॅड, खुर्ची आणि सेन्सिटिव्हिटी यांची व्यवस्था लावून दोन-तीन आठवडे लोटले तरी दुखणे हटत नसेल, तर डॉक्टरांस दाखवावे. अंगठा, तर्जनी, मध्यमा आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होऊन रात्री झोपमोड होते व हात झटकल्यावर बरे वाटते, असे असल्यास तेवढीही मुदत घेऊ नये. मधुमेही आणि थायरॉइडचा विकार असलेल्यांनी तर मुळीच घेऊ नये. अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट दिसू लागला किंवा सदऱ्याची गुंडी लावताना बोटे चुकू लागली, तर मज्जातंतूतील विद्युत्-वहनाची तपासणी लागलीच करून घ्यावी लागते. ती होईपर्यंत मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधून झोपावे. तो बांधून खेळावयास मात्र बसू नये, कारण मनगट बांधले तरी खेळ थांबत नाही आणि तो सारा जोर कोपरावर व खांद्यावर जाऊन पडतो.