आजचे मनन : स्वर्गाची गीतं कशासाठी?

वाचन : प्रकटीकरण २१:१-५, १८-२१



स्वर्गाची गीतं आपण बहुतेक वेळा अंत्यविधीलाच गातो, हो ना? युथ मीटिंगमध्ये कुणी सुचवलं, तर लगेच कोणीतरी हसून म्हणतं, "अरे, अजून नोकरी लागायचीय!"

पण ही गीतं आली कुठून ते बघा. थॉमस डॉर्सी यांना गॉस्पेल संगीताचे जनक मानतात. १९३२ साली ते सेवेसाठी सेंट लुईसला गेले होते. तिकडे शिकागोत बाळंतपणात त्यांची पत्नी नेटी गेली, पाठोपाठ बाळही गेलं. त्या दुःखातून 'प्रेशस लॉर्ड, टेक माय हँड' हे गीत आलं. त्यात सोन्याचा रस्ता नाही की मोत्यांच्या वेशी नाहीत. थकलेला माणूस प्रभूचा हात मागतो, घरी ने म्हणतो. बस्स.

आपल्या मराठी मंडळीत रेव्ह. नारायण वामन टिळकांनी (१८६१-१९१९) हीच ओढ अभंगांतून, भजनांतून गायली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते म्हणत. वारकऱ्यांना पंढरी म्हणजे माहेर. माहेरी आलेली लेक वाडा केवढा आहे ते मोजत नाही. दारात आई उभी आहे ना, एवढंच बघते. टिळकांनी तर ख्रिस्तालाच आई म्हणून हाक मारली!

आता वचनातला क्रम बघा. सोनं येतं अठराव्या वचनात, मोत्यांच्या वेशी एकविसाव्यात. त्याच्या कितीतरी आधी, चौथ्या वचनात, देव स्वतः आपल्या लोकांचे डोळे पुसतो. स्वर्गाचं खरं सौंदर्य ते आहे. आणि दुसऱ्या वचनात नगरी वरून खाली उतरते. म्हणजे ही गीतं जगापासून पळून जायची नाहीत. देव आपल्यात राहायला येतोय, याची आहेत.

माझी आजी गेली तेव्हा कबरस्थानात मला गाताच येईना, गळा दाटून आला. शेजारच्या काकूंनी माझा हात घट्ट धरला आणि माझ्या वाटचं कडवंही त्याच गायल्या. ज्याला गाता येत नाही, त्याच्यासाठी मंडळी गाते. डोळे पुसणं इथूनच सुरू होतं.

आपल्या पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी आलेले कितीतरी जण पीजीच्या खोलीत एकटेच रडतात. या आठवड्यात अशा एकाला फोन करा. जमलं तर भेटायला जा, सोबत एक गीत गा.

प्रार्थना : प्रभू येशू, तू जिथे आहेस तेच आमचं घर. आज कुणाचे तरी अश्रू पुसायला आमचे हात वापर. आमेन.