टपालाने आलेलं अप्पर

अमेरिकेत एआर-१५ जातीची रायफल दोन तुकड्यांत विकत घेता येते आणि कायद्याच्या लेखी त्यातला एकच तुकडा बंदूक असतो. तो खालचा, लोअर रिसीव्हर. नंबर त्याच्यावर कोरलेला, परवानाधारक दुकानदार त्याच्यासाठी, फॉर्म आणि पार्श्वभूमीची तपासणीही त्याच्यासाठीच. वरचा तुकडा, म्हणजे अप्पर रिसीव्हर, नळी, बोल्ट हे सगळं, संघराज्याच्या कायद्याने नुसता सुटा भाग ठरतो. काही राज्यांनी स्वतःचे कडक नियम केलेत. बाकी ठिकाणी अप्पर पुठ्ठ्याच्या खोक्यातून दारात येऊन पडतं. आता यातली गंमत बघा. .२२३ रेमिंग्टन काडतुसाचा कमाल दाब दर चौरस इंचाला ५५,००० पाउंड धरलाय आणि तो सगळा दाब पेलायचाय या वरच्या तुकड्याने, तुमच्या गालापासून वीतभर अंतरावर.

युरोपात निदान एक शिक्का तरी असतो. ब्रिटन, बेल्जियम, जर्मनी असे देश सी.आय.पी. या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या कराराखाली येतात. तिथे बंदूक बाजारात जाण्याआधी प्रूफ हाउसमध्ये नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस तिच्यात झाडून बघतात आणि मगच छाप मारतात. अमेरिकेत अशी सक्ती नाही. १९२६ साली स्थापन झालेली सामी ही उत्पादकांचीच संस्था मापं ठरवते. ती पाळणं उत्पादकाच्या मर्जीवर. चांगले कारखाने कटाक्षाने पाळतात. पण तुमच्या हातातलं अप्पर तपासलंय की नाही, हे सांगणारा त्रयस्थ कुणी नसतो. शेवटचा इन्स्पेक्टर तुम्हीच.

इन्स्पेक्टर हा शब्द मी सवयीने वापरतो, कारण उमेदीची वर्षं भोसरीच्या एमआयडीसीत क्वालिटीत गेली. आता टेक्सासात राहतो आणि शनिवारी-रविवारी रेंजवर कागदाच्या टार्गेटला भोकं पाडतो. इथल्या मराठी मंडळींपैकी नव्याने या छंदाकडे वळणारे पुष्कळ जण विचारतात, “काका, स्वस्तात मिळतंय, घेऊ का?” त्यांना मी आधी विसाचं विचारतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या विसावर असाल तर बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला संघराज्याचा कायदा सहसा मनाई करतो. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण ते व्हॉट्सॲपवर नव्हे, वकिलाला विचारायचे. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व असेल, तर पुढचं बोलू.

मी घेतलेलं अप्पर एका बऱ्यापैकी नावाजलेल्या कारखान्याचं होतं. थँक्सगिव्हिंगनंतरच्या सेलमध्ये मिळालं. सोळा इंची नळी, मध्यम लांबीची गॅस सिस्टिम. जाहिरात वाचून कुणाचाही विश्वास बसावा: नळीचं पोलाद ४१५० सीएमव्ही, आतून क्रोम, रिसीव्हर ७०७५-टी६ ॲल्युमिनियमचा फोर्ज केलेला, बोल्ट चुंबकीय तपासणी झालेला, वर ‘मिल-स्पेक’चा शेरा. यातलं एकही अक्षर खोटं निघालं नाही, हे आधीच सांगून टाकतो. सगळं साहित्य अव्वल होतं. घोटाळा होता तो जोडणीत.

इथे थोडं थांबायला हवं, कारण नवखा माणूस नेमका इथेच फसतो. जाहिरातीत लिहिलेलं बहुतेक सगळं धातूबद्दल असतं, माणसाच्या हातकामाबद्दल नसतं. फोर्ज केलेले कच्चे रिसीव्हर इथे मोजक्याच भट्ट्यांतून निघतात आणि वेगवेगळे ब्रँड ते घेऊन पुढचं मशीनिंग करतात. त्यामुळे रंगाचा एकसारखेपणा, कोरलेला लोगो यावरून फारसं काही कळत नाही. ‘मिल-स्पेक’ म्हणजे सैन्याचा इन्स्पेक्टर येऊन तुमचा नग पास करून गेला असंही नव्हे. आणि नुसतं चांगलं डिझाइन पुरत नाही, याचा धडा या रायफलच्याच इतिहासात आहे. यूजीन स्टोनरने आर्मालाइट कंपनीत हिची मांडणी केली, १९५९ साली हक्क कोल्टकडे गेले, आणि एम-१६ व्हिएतनामात पोचली तेव्हा ऐन चकमकीत अडकायला लागली. काडतुसातली दारू बदललेली, चेंबरला क्रोमचा मुलामा नाही, जवानांकडे सफाईचं सामान पुरेसं नाही. १९६७ साली अमेरिकी संसदेच्या आयकॉर्ड उपसमितीने याची चौकशी केली. चेंबर क्रोम झाला, सफाईकडे लक्ष गेलं, तेव्हा कुठे तीच रायफल भरवशाची झाली.

तर टेबलावरची तपासणी. क्रम महत्त्वाचा, कारण एकदा गोळी झाडली की बरेच विक्रेते नग परत घ्यायला खळखळ करतात. आधी खात्री करा की चेंबर रिकामा आहे आणि त्या खोलीत काडतूस नाही. मग खोक्यातून काढल्या काढल्या, तेल पुसायच्याही आधी, चारी बाजूंनी फोटो. मग नळीवरचा छाप वाचा. ‘५.५६ नाटो’ लिहिलंय की ‘.२२३’? दोन्ही काडतुसं बाहेरून जुळी दिसतात, पण .२२३ च्या चेंबरमध्ये गोळीपुढची मोकळी जागा कमी असते आणि ५.५६ झाडलं तर दाब वाढू शकतो. ‘.२२३ वाइल्ड’ चेंबर दोन्हींसाठी चालतो. त्याशेजारी ट्विस्ट लिहिलेला असतो. १:७ म्हणजे सात इंचांत एक वेढा, जड गोळ्यांसाठी. १:९ हलक्यांना बरा. १:८ वर बहुतेकांचं भागतं.

हेडस्पेस हा भाग कुणीही टाळू नये. बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला मागेपुढे किती जागा उरते, ते हे माप. गेज भाड्यानेही मिळतात आणि बंदुकीचा कुठलाही मिस्त्री पाच मिनिटांत बघून देतो. बोल्टमधून एक्स्ट्रॅक्टर आणि इजेक्टर काढायचे, १.४६४ इंचाचा गो गेज घालायचा, बोल्ट बोटाच्या हलक्या दाबाने बंद व्हायला हवा. १.४६७ चा नो-गो घातल्यावर बंद होता कामा नये. दोन गेजमधला फरक तीन हजारांश इंच, एका केसाच्या जाडीएवढा. भोसरीत आमचे फोरमन म्हणायचे, गेज दाबून बसवलास तर तू गेजला खोटं बोलायला लावलंस. इथेही तेच. आणि हे माप त्याच बोल्टपुरतं खरं असतं. उद्या बोल्ट बदलला तर पुन्हा मोजा.

माझा हेडस्पेस चोख निघाला. पण बोल्ट कॅरिअरच्या डोक्यावर गॅस की नावाचा छोटा भाग दोन स्क्रूंनी बसवलेला असतो, तिथे नजर अडकली. ते स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून भोवतालचा धातू ठोकून स्क्रूच्या डोक्यावर सरकवतात. याला स्टेकिंग म्हणतात. नीट केलेलं असेल तर धातू स्क्रूत घुसलेला दिसतो. माझ्याकडे नुसते दोन ओरखडे होते. हे चालवून घेता येईल असं वाटलं तरी घेऊ नका. की सैल झाली की गॅस गळतो आणि रायफल मधेच अडकायला लागते, तीही बहुधा स्पर्धेच्या दिवशी.

मग फीड रॅम्प. मॅगझिनमधून वर येणारी गोळी ज्या उतारावरून चेंबरमध्ये शिरते, तो अर्धा रिसीव्हरमध्ये कापलेला असतो आणि अर्धा नळीच्या मागच्या टोकाला. बोट फिरवून बघा. रिसीव्हरचा उतार खोल आणि नळीचा उथळ असेल तर मधे उंबरा तयार होतो आणि गोळीचं टोक त्याला धडकतं. उलट असेल, म्हणजे नळीचा खोल आणि रिसीव्हर बिनकापलेला, तर सहसा बिघडत नाही. रॅम्पवर चमकतं पांढरं ॲल्युमिनियम दिसलं तर समजायचं की ॲनोडायझिंग झाल्यावर कुणीतरी कानशीने हात चालवलाय. नळीच्या तोंडाशी, क्राउनवर, कानात घालायची कापसाची काडी आतून बाहेर ओढा. कापसाचे तंतू एका जागी अडकले तर तिथे बर, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, आहे आणि तेवढ्याने गोळी भरकटते.

बोल्ट काढून रिकामा कॅरिअर हाताने पुढे सरकवणं ही माझी आवडती परीक्षा. नळीतला गॅस मागे आणणाऱ्या गॅस ट्यूबचं टोक गॅस कीमध्ये न घासता शिरायला हवं. घासलं तर नळी रिसीव्हरला आवळणारा बॅरल नट नीट जागेवर थांबवलेला नाही. या नटचा पीळ ३० ते ८० फूट-पाउंडांच्या मधे कुठेही चालतो. एवढी मोठी मुभा दिलीय ती याचसाठी, की नटची खाच ट्यूबच्या बरोबर रेषेत आणता यावी. ती आणायला कंटाळा केलेला असतो, बाकी काही नाही.

माझ्या अप्परमधला खरा दोष मात्र यांतल्या कशातच दिसला नाही. रेंजवर गेलो तर कवचं जोराने उडण्याऐवजी उजव्या खांद्यामागे, घड्याळातल्या पाचच्या दिशेला, निरुत्साहाने गळत होती आणि शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकायला हवा तो अडकत नव्हता. लक्षण गॅस कमी मिळत असल्याचं. पण हे लक्षण बदमाश आहे. मिळमिळीत .२२३ काडतुसांनीही तसंच होतं, लोअरमधल्या जड बफरनेही होतं, कोरड्या बोल्टनेही होतं. म्हणून कंपनीला दोष देण्याआधी तेल घातलं, मित्राचं चालू लोअर लावलं, मॅगझिनं बदलली, ५.५६ ची काडतुसं आणली. मॅगझिनमध्ये एकेकच गोळी भरायची आणि झाडल्यावर बोल्ट मागे थांबतो का ते बघायचं, ही सोपी आणि खात्रीची चाचणी आहे. एकेका गोष्टीवरचा संशय असा फिटत गेला आणि अप्पर तेवढं उरलं.

इथल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने हँडगार्ड काढला, गॅस ब्लॉकचे स्क्रू सोडले आणि न बोलता नळी माझ्यापुढे धरली. नळीला एक छिद्र असतं, त्यातून निघालेला गॅस ब्लॉकमधून ट्यूबमध्ये आणि तिथून मागे कॅरिअरला जातो. छिद्राभोवती काजळीचं वर्तुळ असायला हवं होतं, तिथे चंद्रकोर होती. ब्लॉक पुढे-मागे चुकला होता आणि अर्धं छिद्र झाकलं गेलं होतं. कारण अगदी साधं. नळीवरचा खांदा मुळात हँडगार्डची पत्र्याची टोपी मधे बसेल अशा हिशेबाने कापलेला असतो. आधुनिक बुटका गॅस ब्लॉक लावताना ती टोपी नसते, म्हणून टोपीच्या जाडीएवढी, साधारण तीन शतांश इंचाची फट सोडावी लागते. जोडणाऱ्याने ब्लॉक खांद्याला भिडेपर्यंत रेटला होता. शिवाय स्क्रूसाठी नळीवर खळगी पाडलेली नव्हती, त्यामुळे ब्लॉक कुठेही थांबू शकत होता. म्हणून अप्पर निवडताना मी आता पोलादाच्या आधी हे विचारतो, की गॅस ब्लॉक पिनने पक्का केलाय का, निदान खळगी तरी आहे का. उत्तर देताना विक्रेता अडखळला तर पुढचं दुकान.

कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं: आणखी दोनेकशे गोळ्या झाडा, ‘रुळेल’. रुळण्याची ही भानगड मला पटत नाही. घट्ट भाग थोडे मोकळे होतात हे खरं, पण झाकलेलं छिद्र काही गोळ्या झाडून उघडत नाही. मी चंद्रकोरीचे, स्टेकिंगचे आणि न झाडलेल्या अवस्थेतले फोटो पाठवले, कुठल्या काडतुसावर काय झालं त्याचा तक्ता जोडला. दुसऱ्या दिवशी परतीचं लेबल आलं. भांडणात आवाज चढवण्यापेक्षा तक्ता जास्त चालतो, हे कारखान्यात शिकलो होतो.

अचूकतेबद्दल मुद्दाम शेवटी सांगतोय, कारण लोक सुरुवातच तिथून करतात. शंभर यार्डांवर एक मिनिट कोन म्हणजे साधारण १.०५ इंच. अनेक कारखाने त्याहून लहान ग्रुपची हमी देतात, पण बारीक अक्षरांत तीन गोळ्या आणि मॅच काडतूस असं लिहिलेलं असतं. तीन गोळ्यांचा ग्रुप नशिबानेही सुरेख येतो. दहा गोळ्यांचा काढा, तोही वेगवेगळ्या काडतुसांनी, मग नळीबद्दल मत बनवा. स्वस्त एम-८५५ काडतुसांनी दोन-अडीच इंच पडले म्हणून नळीला शिव्या देऊ नयेत. ते काडतूसच तेवढं. मात्र साइट डावी-उजवीकडे पार कडेला नेल्याशिवाय नेम जुळत नसेल, तर रिसीव्हरचं तोंड काटकोनात नसण्याची किंवा पुढची साइट तिरकी बसल्याची शंका घ्या. जुनं अप्पर घेत असाल तर किती गोळ्या झाल्या हे मालकाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा बोअरस्कोपने चेंबरपुढचा भाग बघा. तिथला क्रोम तडकून वाळल्या तळ्यासारखा दिसत असेल तर भावाची घासाघीस तिथूनच सुरू करा. बोल्टच्या दातांच्या मुळाशी भिंगातून तडा दिसला तर तो बोल्ट फुकटही नको.

बदली अप्पर आलं तेव्हा फोटो, गेज, कापसाची काडी, सगळं पुन्हा केलं. बदली नगही त्याच टेबलावर जोडलेला असतो. गॅस ब्लॉक आता पिनने बसवलेला होता आणि कवचं चारच्या दिशेला ठणठणीत उडाली. गॅस कीचं स्टेकिंग याही खेपेला वरवरचंच होतं. त्यासाठी पुन्हा पत्रव्यवहार न करता मिस्त्रीकडून ठोकून घेतलं आणि पावती कंपनीला पाठवली. त्यांनी पैसे दिले.