शेतावरील अतिथिगृह : त्याचें पाणी, सांडपाणी व खरकटें

गेल्या वीस वर्षांत आपल्या राज्यांतील पुष्कळ बागाईतदारांनीं शेतीस जोड म्हणून मळ्यांतच पाहुण्यांच्या निवासाची व भोजनाची सोय करण्यास आरंभ केला आहे. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं कृषिपर्यटनाचें धोरण ठरविल्यापासून या धंद्यास राजमान्यताही लाभली. धंद्याच्या जमाखर्चाविषयीं येथें लिहिण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हांस सांगावयाचें आहे तें निराळें. हॉटेल शहरांत असो वा मळ्यांत असो, तें पाणी, जळण व अन्न घेतें आणि सांडपाणी, खरकटें व केर परत देतें. शहरांतील हॉटेलाचें हें ओझें नगरपालिका उचलते. मळ्यांतील हॉटेलाचें ओझें मालकाच्याच जमिनींत मुरतें व त्याच्याच विहिरींत उतरतें. म्हणून ज्या शेतकरी बंधूंनीं असें अतिथिगृह काढलें आहे किंवा काढण्याचें मनांत आणलें आहे, त्यांनीं तें आपल्या विहिरीवर घेतलेलें एक नवें बारमाही पीक आहे असें समजून त्याचा हिशेब मांडावा. फाटकावर ‘पर्यावरणस्नेही’ अशी पाटी लावली म्हणजे कर्तव्य संपलें असें मानणारे कांहीं मालक आढळतात; परंतु विहिरीस पाटी वाचतां येत नाहीं.

प्रथम पाण्याचा विचार करूं. इमारतींच्या पाणीपुरवठ्याविषयीं जें भारतीय मानक आहे, त्यांत साध्या हॉटेलास दर खाटेमागें रोज १८० लिटर व उपाहारगृहास दर आसनामागें ७० लिटर पाणी धरलें आहे. उलट, खेड्यांतील घरांस नळानें पाणी देण्याच्या जलजीवन योजनेंत दर माणशीं रोज ५५ लिटर हें प्रमाण ठरविण्यांत आलें. आतां दहा खोल्यांचें, वीस खाटांचें व पन्नास आसनांचें एक मध्यम अतिथिगृह घ्या. खाटांचे ३,६०० व आसनांचे ३,५०० मिळून रोजचे ७,१०० लिटर झाले. भर उन्हाळ्यांत ठिबकानें एका माडास सुमारें ५० लिटर पाणी द्यावें लागतें, असें धरल्यास हें पाणी १४० माडांचें होय. आणि पाहुण्यांची गर्दी होते ती नेमकी चैत्र-वैशाखांत, मुलांच्या शाळांस सुटी असतां; म्हणजे ज्या महिन्यांत विहीर तळास जाते आणि माड-पोफळी पाण्यासाठीं तोंड वासून असतात त्याच महिन्यांत. पाऊस पुष्कळ पडतो म्हणून निश्चिंत राहतां येत नाहीं. महाबळेश्वरास वर्षास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तरीही त्या भागांत उन्हाळ्यांत पाण्याची ओढाताण होते.

पाणी वांचविण्याचे उपाय सोपे आहेत; मालकानें ते मनावर घेतले पाहिजेत. विहिरीच्या पंपावर एक, खोल्यांच्या टाकीवर एक व स्वयंपाकघरावर एक असे तीन मीटर बसवून रोज सकाळीं आंकडे वहींत लिहावे. ज्या दिवशीं पाहुणे कमी असतां आंकडा वाढतो, त्या दिवशीं कोठें तरी गळती आहे हें निश्चित. डोक्यावरील फवाऱ्याखालीं दहा मिनिटें स्नान केल्यास सहज शंभर लिटर पाणी जातें; बादलींत तेंच स्नान वीस लिटरांत होतें. शहरच्या पाहुण्यास बादलीच घे म्हणतां येत नसेल तर फवारा बारीक धारेचा बसवावा. शौचकूपाची जुनी टाकी एका वेळीं दहा-बारा लिटर ओतते. तीन व सहा लिटरांच्या दोन कळांची टाकी आतां सर्वत्र मिळते. एकाच पाहुण्याच्या चादरी व पंचे रोज धुण्याची चाल बंद करावी. यांत कोणाची गैरसोय होते असें आम्हांस वाटत नाहीं.

पावसाचें पाणी सांठविण्यासंबंधीं मात्र थोडा विवेक लागतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. २,५०० मिलिमीटर पावसाच्या कोंकणपट्टींत २०० चौरस मीटर छपरावरून, पांचवा हिस्सा वायां गेला असें धरूनही, चार लाख लिटर पाणी मिळतें. हें सर्व विहिरींत सोडावें असा सल्ला सर्रास दिला जातो. देशावरील काळ्या पाषाणाच्या मुलखांत तो बहुतेक ठिकाणीं योग्य आहे. परंतु जांभ्या दगडाच्या सच्छिद्र मुलखांत विहिरींत सोडलेलें पाणी उन्हाळा येण्यापूर्वींच झिरपून खालच्या ओढ्यास मिळतें. तेथें निदान महिना-पंधरा दिवसांच्या गरजेपुरती बंदिस्त टाकी बांधणें हाच खरा उपाय होय.

आतां सांडपाणी. वापरलेल्या पाण्यापैकीं सुमारें ऐंशीं टक्के पाणी मोरीवाटे परत येतें. वरील उदाहरणांत तें रोज साडेपांच हजार लिटरांहून अधिक होईल. तें नीट निर्मळ केलें तर शंभराहून अधिक माडांचें पाणी परत मिळालें. न केलें तर तेंच विहिरींत शिरून पाहुण्यांच्या व घरच्यांच्या पोटांत जाईल. मधला मार्ग नाहीं. मुंबईस विलेपार्ल्यास १९९७ सालीं विठ्ठल कामत यांनीं ऑर्किड हें हॉटेल काढलें. आशियांतील पहिलें पंचतारांकित ‘इकोटेल’ अशी त्याची ख्याति आहे, आणि तेथें सांडपाणी शुद्ध करून पुन्हा वापरण्यांत येतें. नगरपालिकेचें गटार दाराशीं असतां जें त्यांनीं केलें, तें जमिनीच्या मालकास अवघड वाटूं नये.

मोरीचें पाणी व शौचकूपाचें पाणी यांचे नळ आरंभापासूनच निराळे ठेवावे. इमारत उभी राहिल्यावर तें काम दुप्पट खर्चाचें होतें. मोरीच्या पाण्यावर आळूं व केळी लावण्याची आपल्या घरोघरची चाल शास्त्रशुद्धच आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघराचें पाणी मात्र तेलकट असतें व तें जमिनीचीं छिद्रें बुजवितें. त्याच्या वाटेंत दोन कप्प्यांची लहान कुंडी बांधावी. तेल वर तरंगून राहतें, तें आठवड्यांतून एकदां काढून टाकावें. शौचकूपाचें पाणी सेप्टिक टाकींतून खडीच्या वाफ्यांत न्यावें. वाफा सुमारें दोन फूट खोल असावा, दर माणशीं एक ते दोन चौरस मीटर जागा धरावी, तळ व बाजू पाझरणार नाहींत अशा कराव्या आणि त्यांत कर्दळ किंवा पाणकणीस दाट लावावें. पाणी खडीच्या आंतून वहावें, वर दिसूं नये. दिसलें तर डांस होतात. यांतून निघालेलें पाणी झाडांच्या आळ्यांत जमिनीलगत द्यावें. कच्च्या खावयाच्या भाजीवर तें कदापि घालूं नये.

विहीर व टाकी यांत निदान शंभर फूट अंतर असावें असें आम्ही सांगूं, पण केवळ अंतरावर भिस्त ठेवूं नये. काळ्या खडकाच्या भेगांतून व जांभ्याच्या पोकळ्यांतून घाण पाणी फार दूरवर जाऊं शकतें. म्हणून टाकी विहिरीच्या उताराच्या बाजूस असावी आणि विहिरीचें पाणी वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व नंतर, प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें. दुसरी एक गोष्ट काळ्या जमिनीच्या मालकांस विशेष सांगावयाची. धुण्याच्या पुडींत सोडियमचे क्षार पुष्कळ असतात. तें पाणी वर्षानुवर्षें एकाच तुकड्यास दिल्यास जमीन चोपण होते आणि चोपण झालेली जमीन सुधारण्यास किती जिप्सम व किती वर्षें लागतात हें नीरा व कृष्णाकांठच्या ऊंसवाल्यांस विचारावें. तुकडे आळीपाळीनें बदलावे. शौचकूपांत ॲसिड व फिनेल सढळ हातानें ओतण्याची नोकरांची संवयही मोडली पाहिजे, कारण त्यानें टाकींतील मळ कुजविणारे जंतू मरतात व टाकी कामांतून जाते.

आतां खरकट्याकडे वळूं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांत १०५ कोटी टन अन्न वायां गेलें. त्यांपैकीं २९ कोटी टन हॉटेलें, खाणावळी वगैरे ठिकाणीं गेलें. जें अन्न पिकविण्यास आपण बियाणें, खत व पाणी घातलें तेंच हें. मेजावर सर्व पदार्थ मांडून ज्यानें त्यानें हवें तें घ्यावें ही पद्धत नासाडीस फार अनुकूल. पंगतींत वाढपी थोडें थोडें वाढतो व पुन्हा फिरतो, ती पद्धत बरी. मात्र पंगतींतला आग्रह आवरला पाहिजे. पानांत टाकलेल्या जिलबीनें यजमानाचा मोठेपणा सिद्ध होतो ही समजूत आपण अजून पुरती सोडलेली नाहीं.

उरलेलें अन्न गुरांस घालावें ही कल्पना शेतकऱ्यास प्रथम सुचते आणि तीच सर्वांत धोक्याची आहे. भाताचा, पुऱ्यांचा किंवा गोड पदार्थांचा मोठा घास गाईबैलाच्या पोटांत एकदम गेला म्हणजे कोठीपोटांत आम्ल वाढतें. जनावर रवंथ सोडतें, पोट फुगतें, आणि वेळेवर उपाय न झाल्यास एक-दोन दिवसांत दगावतें. लग्नसराईनंतर उकिरड्यावर टाकलेलें अन्न खाऊन चांगलीं जनावरें गेल्याचे प्रकार दर वर्षीं घडतात. भाजीचीं देठें, कोबीचा पाला व मटाराच्या शेंगांचीं टरफलें हीं ताजीं असतां घालण्यास हरकत नाहीं. शिजलेलें अन्न गोठ्यापासून दूरच ठेवावें. चुकून खाल्लें गेल्यास घरगुती उपचारांत वेळ न दवडतां पशुवैद्यास बोलवावें.

शिजलेल्या अन्नाची योग्य जागा वायुसंयंत्र ही होय. टाकाऊ पदार्थांपासून जळाऊ वायु काढण्याचा प्रयोग आपल्याकडे १८९७ सालींच मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठालयांत झाला होता. पुढें शेणावर चालणारीं संयंत्रें गांवोगांव पसरलीं. अन्नाच्या पदार्थांत शेणाहून कितीतरी अधिक वायु असतो, कारण शेणांतील सत्त्व जनावरानें आधींच काढून घेतलेलें असतें. पुण्याच्या आरती या संस्थेंत डॉ. आनंद कर्वे यांनीं याच तत्त्वावर घरगुती संयंत्र तयार केलें व त्यास २००६ सालीं इंग्लंडांतील ॲशडेन पारितोषिक मिळालें. मोठ्या प्रमाणावर काम करणारें ‘निसर्गऋण’ हें संयंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राचें आहे. एक घनमीटर वायूस शेण २५ किलो लागतें. खरकटें दहा-बारा किलो पुरतें. रोज तीस किलो खरकटें निघत असेल तर अडीच ते तीन घनमीटर वायु, म्हणजे सव्वा किलोच्या आसपास सिलिंडरच्या गॅसची बरोबरी होते. १९ किलोचें एक सिलिंडर सुमारें पंधरवड्यास वांचलें. यांत अतिशयोक्ति नाहीं, पण निगा मात्र लागते. आरंभ शेणकाल्यानें करावा व खरकटें हळूहळू वाढवावें. लिंबाच्या साली, हाडें, अंड्यांचीं टरफलें व तळणाचें तेल त्यांत घालूं नये. गर्दीच्या दिवशीं दुप्पट माल एकदम ओतल्यास काला आंबट होऊन वायु बंद पडतो. जादा माल खताच्या खड्ड्यांत न्यावा. तळून तळून काळें झालेलें तेल विकत घेऊन त्याचें जैवइंधन करणारे आहेत, त्यांस द्यावें.

संयंत्रांतून निघणारी मळी पाणी घालून फळझाडांस द्यावी, किंवा झावळ्या, पाचट व पालापाचोळा यांवर शिंपून त्याचें कंपोस्ट करावें. सर ॲल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनीं इंदूर येथील प्रयोगांवरून १९३१ सालीं जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांतील रीत अद्याप जुनी झालेली नाहीं : कोरड्या काडीकचऱ्याचा थर, त्यावर ओल्या नत्रयुक्त मालाचा थर, माती व राख यांची भुरभुर, आणि तीन वेळां उलथापालथ, तीन महिन्यांत खत तयार. एकटें खरकटें खड्ड्यांत घातलें तर तें चिकट होऊन नासतें. ज्यांचें स्वतःचें अतिथिगृह नाहीं पण मळा शहराजवळ आहे, त्यांनाही ही रीत उपयोगी आहे. हॉटेलांनीं ओला व सुका कचरा वेगळा केलाच पाहिजे असा दंडक केंद्र सरकारनें २०१६ च्या नियमांत घातला. अशा हॉटेलाशीं करार करून ओला माल आणतां येतो. मात्र त्यांत कांच, प्लॅस्टिकचे तुकडे किंवा दांत कोरण्याच्या काड्या निघाल्यास पहिल्याच दिवशीं गाडी परत पाठवावी. एकदां जमिनींत गेलेली कांच नांगरानें निघत नाहीं.

पाणी तापविण्यास शंभर लिटरांमागें सुमारें दोन चौरस मीटर तबकाचा सूर्यबंब पुरे होतो. ढगाळ दिवसांसाठीं झावळ्या व करवंट्या जाळणारा तांब्याचा बंब जवळ असावा. प्लॅस्टिकच्या एकदांच वापरावयाच्या ताटल्या, पेले व चमचे यांस १ जुलै २०२२ पासून देशभर मनाई आहे, तेव्हां त्याविषयीं अधिक लिहिण्याचें कारण नाहीं. केळीचें पान व पत्रावळ आपल्या मळ्यांत आहेतच.

टाक्या व वाफे यांचें खोदकाम माघ-फाल्गुनांत, जमीन कोरडी असतां, उरकावें व कर्दळीचे कंद मृगाच्या पावसाबरोबर लावावे. कंपोस्टच्या खड्ड्यावर त्यापूर्वींच झावळ्यांचें छप्पर घालून भोंवतीं चर काढावा. पागोळ्यांचें पाणी खड्ड्यांत शिरलें कीं खत मुरण्याऐवजीं सडतें, आणि ती दुर्गंधी पाहुण्यांच्या खोल्यांपर्यंत जाते.