मनातला फुगा

स्वमग्नता असलेल्या कित्येक मुलांना शब्द समजतात. पण बोलणाऱ्याचा हेतू उमगत नाही. चेंडू हातून निसटला आणि सवंगडी हसला, तर ते हसणे थट्टेचे की स्नेहाचे? अमेरिकेतील मिशिगन राज्यातील शिक्षिका कॅरोल ग्रे यांनी यावर १९९४ साली एक पद्धत पुस्तकरूपाने मांडली. शिक्षक व विद्यार्थी शेजारी बसून घडलेला प्रसंग रेखाटतात. माणसे साधी, काड्यांची. मुखाजवळच्या फुग्यात उच्चारलेले शब्द, मस्तकावरच्या फुग्यात मनातील विचार. राग तांबड्या रंगात, आनंद हिरव्या. सवंगड्याच्या मनाचा फुगा भरताना मुलगा थबकतो. तेथे घाई करावयाची नसते. तो एक तर्क लिहितो, मग दुसरा. पुढच्या खेपेस काय करावे, हेही स्वतःच काढून पाहतो. शिक्षकांना तरी त्याचे मन चित्रावाचून कोठे कळले असते! "मला वाटले, त्याला मी नकोच आहे," असे तो हळूच म्हणतो आणि हिरवी पेन्सिल उचलतो.