मायक्रोवेव्हचं दार आणि तीन स्विच

पी.एल. चालू होती. रात्रीचे साडेअकरा. मेस केव्हाच बंद झालेली, आणि आमच्या विंगच्या पॅन्ट्रीतल्या मायक्रोवेव्हमध्ये रूम पार्टनरच्या आईने एस.टी.ने पाठवलेला मसालेभात अडकून बसला होता. भात गरम झाला, 'टिंग' वाजलं, आतला दिवा विझला, दाराचं बटण दाबलं... आणि दार काही उघडेना.

हा मायक्रोवेव्ह मागच्या बॅचने जाताना विंगला ठेवून दिलेला. म्हणजे मालक कुणीच नाही आणि वापरणारे चाळीस. बटण बरेच दिवस 'जरा जोरात दाब रे' या अवस्थेत होतं. पण ती तक्रार नसून सवय झाली होती.

पार्टनर मेकॅनिकलचा. त्याने दाराच्या खालच्या कडेत बोटं घालून जी ओढ मारली, तिचा 'कट्' असा आवाज आला. दार तसंच. मी इलेक्ट्रिकलचा, म्हणून माझं म्हणणं, कव्हरच काढू. स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आलोसुद्धा. सुदैवाने मागचा एक स्क्रू असा विचित्र खाचेचा होता की आमच्याकडचं एकही टोक त्यात बसेना. 'सुदैवाने' हा शब्द मला दुसऱ्या दिवशी सुचला. त्या रात्री मी त्या स्क्रूला शिव्याच घातल्या.

आता थोडा अभ्यास करू. न उघडणारी दारं दोन जातींची असतात. एक मुद्दाम न उघडणारं आणि दुसरं मोडलेलं. घरचा आत बसणाऱ्या झाकणाचा कुकर पहिल्या जातीतला. आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १ किलो प्रति चौरस सेंटिमीटरने जास्त असतो. झाकणाचा व्यास १८ सें.मी. धरला तर त्यावर अडीचशे किलोचा जोर येतो, आणि तोच जोर झाकणाला बंद ठेवतो. वाफ जाईपर्यंत थांबणं हाच तिथला उपाय. समोरून कपडे टाकायच्या वॉशिंग मशीनचंही तसंच. बऱ्याच मशीनच्या दाराच्या लॉकमध्ये एक छोटा हीटर आणि बायमेटलची पट्टी असते. मशीन थांबल्यावर पट्टी थंड होईपर्यंत एक-दोन मिनिटं दार सुटत नाही. तेवढ्यात हँडल ओढणारा माणूस हँडल हातात घेऊन बसतो.

आपल्या पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्ह मात्र या जातीचा नाही. त्याचं दार वीज अडवत नाही. त्यामुळे प्लग काढून अर्धा तास वाट पाहिली तरी काही होत नाही. दाराच्या कडेला प्लास्टिकचे दोन हुक असतात, वर एक, खाली एक. दार लावलं की ते चौकटीतल्या खाचांत शिरतात आणि स्प्रिंगमुळे खाली अडकतात. बटण दाबलं की पॅनेलच्या मागची एक प्लास्टिकची दांडी हुकांना वर उचलते. बस, एवढंच.

म्हणून निदान बोटानेच करायचं. आधी प्लग काढा. मग दार बाहेर न ओढता तळव्याने आत दाबा, आणि तसंच दाबून धरून बटण दाबा. हुकांवरचा ताण गेला की अडखळलेला हुक पुष्कळदा सुटतो. बटण घट्ट लागत असेल तर हुक अडकलाय, बहुधा चिकट मळाने. बटण पोकळ लागलं, म्हणजे आत जातं पण पुढे काही उचलल्यासारखं वाटत नाही, तर दांडी मोडली आहे किंवा जागेवरून निसटली आहे. आमचं पोकळ होतं.

शेवटी भात सोडवला तो सेट-स्क्वेअरने. ड्रॉइंगचा पेपर सुटल्यापासून त्याला हात लावला नव्हता. दार हलक्या हाताने ओढून जी फट पडली, त्यात त्याचं टोक सरकवलं आणि वरचा हुक खालून वर ढकलला. टक्! दार उघडलं. स्टीलची पट्टी वापरली नाही हे बरं झालं. दाराच्या कडेच्या आत लाटा अडवणारी खाच असते. या लाटांची वारंवारता २४५० मेगाहर्ट्झ, म्हणजे लांबी १२ सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्याच्या पाव हिश्शाच्या मापाने ती खाच बनवलेली असते. तिथे पोचा पडला की हिशोब बिघडला.

भात निम्मा खाल्ला, उरलेला सकाळसाठी ठेवला. सकाळी मायक्रोवेव्ह सुरूच होईना. कालचा 'कट्' म्हणजे खालच्या हुकाचं टोक होतं. आम्ही दोघं लगेच त्या निष्कर्षाला आलो ज्याला आपल्या कॉलेजातला कोणीही येईल: हुक जो स्विच दाबतो तो स्विच शॉर्ट करायचा. जंपर मारू, काम खल्लास.

वायरचा तुकडा मागायला मशीन्स लॅबच्या मामांकडे गेलो.

"कशाला पाहिजे?" मामांनी विचारलं.

सांगितलं. मामांनी वायर दिली नाही. खडू दिला आणि म्हणाले, "फळ्यावर सर्किट काढ."

मला येईना. मग त्यांनीच काढलं. दाराला तीन स्विच असतात. प्रायमरी आणि सेकंडरी हे दोन दार बंद झाल्यावर जोडले जातात. तिसरा मॉनिटर, तो उलटा. दार उघडलं की तो जोडला जातो, तोही पहिले दोन सुटल्यानंतर. प्रायमरी आतून चिकटून राहिला असेल तर मॉनिटर सरळ सप्लाय शॉर्ट करतो आणि फ्यूज उडवतो. ओव्हन मेला तरी चालेल, पण दार उघडं असताना चालू राहता कामा नये. अमेरिकेत १९७१ पासून कायद्यानेच किमान दोन इंटरलॉक लागतात, त्यातला एक हाताला न सापडेल असा लपवलेला.

"आता तुमचा जंपर," मामा म्हणाले. "खालचा हुक प्रायमरी दाबत असेल तर तो कायमचा जोडलेला. पहिल्यांदा दार उघडलंत की काय होणार?"

"फ्यूज जाणार."

"मग तुम्ही काय कराल?"

आम्ही गप्प. हॉस्टेलमध्ये फ्यूज गेला की आपण काय करतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. "जाड तार घालाल," तेच म्हणाले. "मग विंगचा एम.सी.बी. पडेल. मग कुणीतरी हुशार म्हणेल, मॉनिटरचीच वायर काढू. मग राहिला एक स्विच. तो चिकटला की दार उघडं, मॅग्नेट्रॉन चालू, आणि समोर वाकून भात बघणारा तू. डोळ्याच्या भिंगात रक्त खेळत नाही रे, तिथली उष्णता वाहून न्यायला कोणी नाही."

रात्री कव्हर काढणार होतो हेही पार्टनरने उत्साहाने सांगून टाकलं. त्यावर मामा खुर्चीत बसले. आत ट्रान्सफॉर्मर सुमारे २००० व्होल्ट देतो. त्याचा पीक २८०० च्या घरात, आणि त्यावर १ मायक्रोफॅरडच्या आसपासचा कपॅसिटर चार्ज होतो. अर्धा सी व्ही स्क्वेअर करून बघा, जवळजवळ ४ ज्यूल. तो रिकामा करायला बहुतेक कपॅसिटरच्या पोटातच १० मेगाओहमचा रेझिस्टर असतो. टाइम कॉन्स्टंट १० सेकंद, म्हणजे मिनिटभरात चार्ज उतरतो. पण तो रेझिस्टर उडालेला असला तर प्लग काढलेल्या ओव्हनमध्येही चार्ज तसाच बसून राहतो, आणि रेझिस्टर उडालाय की नाही हे बाहेरून कळत नाही. हा व्होल्टेज डब्लर मी ओरलला न अडखळता सांगितला होता. पॅन्ट्रीत तोच समोर आला तेव्हा ओळखला नाही.

मेकॅनिकला बोलावलं. त्याने दांडी आणि हुक दोन्ही बदलले, मोडलेलं टोक चिमट्याने खाचेतून काढलं, दाराभोवती लीकेज मीटर फिरवून पाहिला. बिल चाळीस जणांत वाटायचं ठरलं, दिलं अठरा जणांनी. यादी पॅन्ट्रीच्या दारावर लावलेली आहे.

आणि उरलेला भात? या सगळ्या गडबडीत तो संध्याकाळपर्यंत टेबलावरच राहिला. मेसच्या मागच्या कुत्र्याने हुंगला आणि निघून गेला.