घाबरेपणा, सुगंध आणि रक्तातली साखर

मधुमेह, दमा, मूत्रपिंडविकार यांसारख्या वर्षानुवर्षे सोबत राहणाऱ्या आजारांत रुग्णाच्या मनाला लागलेली धास्ती औषधाच्या चिठ्ठीवर क्वचितच नोंदली जाते, आणि म्हणूनच अनेक घरांत सुगंधोपचाराचा, म्हणजे वनस्पतींतून काढलेली अर्कतेले हुंगण्याचा किंवा विरळ करून अंगाला लावण्याचा, आधार घेतला जातो. हा आधार अगदीच पोकळ नाही. गंधाची संवेदना मेंदूतील भावनांशी निगडित केंद्रांपर्यंत फार जवळच्या वाटेने पोहोचते, आणि डायलिसिसवरील रुग्णांच्या काही लहान अभ्यासांत लव्हेंडरच्या वासाने चिंता उणावल्याचे आढळले आहे. मात्र वास लपवता येत नसल्याने अशा अभ्यासांत परिणाम तेलाचा किती आणि अपेक्षेचा किती, हे वेगळे काढणे अवघड असते.

राहुरी तालुक्यातील ज्या घरचा अनुभव या लेखनाच्या मुळाशी आहे, तेथे लेखकाच्या वडिलांना इन्सुलिन चालू होते. एका रात्री जेवण अर्धवट राहिले आणि पहाटे तीनच्या सुमारास ‘जीव घाबरा होतोय’ असे ते म्हणू लागले, तेव्हा बनियन घामाने चिंब झालेले व हात थरथरत असतानाही घरच्यांनी उशीच्या अभ्र्यावर तेलाचे दोन थेंब टाकले. थोड्या वेळाने ते शांत झाले, असे सर्वांना वाटले. वास्तविक ती गुंगी होती, आणि ग्लुकोमीटरवर आकडा ४८ आला. गिळण्याइतकी शुद्ध होती म्हणून साखरेचे पाणी पाजता आले. चूक तेलाची नव्हती, घाबरेपणा मनाचाच असणार हे गृहीत धरण्याची होती.

रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की घाम, कंप, धडधड ही चिंतेचीच भासणारी लक्षणे दिसतात. म्हणून मधुमेही घाबरा झाला तर बाटलीआधी ग्लुकोमीटर हाती घ्यावा, आकडा कमी असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. दम्याच्या रुग्णाजवळ बंद खोलीत उग्र वास करू नये, आणि फेफऱ्याच्या रुग्णास निलगिरी व कापूर यांपासून दूर ठेवावे, कारण त्यांनी झटका येऊ शकतो. तेल पोटात कधीही देऊ नये. अंगाला लावायचे तर चमचाभर खोबरेल तेलात एक-दोन थेंबच मिसळावेत. रुग्णाची शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर फोन करावा.