बँकच उरली नाही, खाते कुठे शोधू?

प्रश्न : १९९२च्या सुमारास, मी लहान होते तेव्हा, वडिलांनी बंगळुरूत मल्लेश्वरमला स्टेट बँक ऑफ म्हैसूरमध्ये माझ्या नावे बचत खाते उघडले होते. पासबुक हरवले, वडीलही आता नाहीत. पैसे मिळतील का?

उत्तर : खाते मध्यंतरी बंद केले नसेल तर मिळतील. ही बँक १ एप्रिल २०१७ रोजी स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली, म्हणून दावा तिथेच करायचा. दहा वर्षे व्यवहार नसलेल्या खात्यातली रक्कम रिझर्व्ह बँकेकडच्या निधीत जाते. तुमचा हक्क मात्र संपत नाही.

आधी रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर शोधा. लहान मुलीकडे तेव्हा पॅन कुठून असणार? त्यामुळे जन्मतारीख आणि जुना पत्ता टाका. खरी गोची नावात असते. माहेरचे आडनाव, वडिलांच्या नावाची जागा, कुलकर्णीसारख्या आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग, सारे त्या वेळच्या कारकुनाच्या मर्जीवर! दोन-तीन तऱ्हांनी शोधाच. सापडल्यास पोर्टलवर मिळालेला क्रमांक, जन्मदाखला, आधार, पॅन आणि विवाह प्रमाणपत्र घेऊन शाखेत जा. तुम्ही आता सज्ञान आहात, तेव्हा सही तुमचीच चालेल. खाते पुन्हा सुरू करण्याचे शुल्क बँकेला घेता येत नाही. खाते पोस्टातले निघाले, तर मात्र उद्गमवर सापडणार नाही. पोस्टातच चौकशी करा.